जसवंतगढचे तिघे

आसाममधल्या तेजपूरहून तवांगकडे निघालेला रस्ता भालुकपोंग, बोमडिला, दिरांग अशी चढण चढत सेला खिंडीत येतो. खिंड सुमारे १३,७०० फुटांवर आहे. हिवाळ्यात बर्फाने ती वारंवार बंद पडायची, म्हणून तिच्या पोटातून बोगदा काढण्यात आला आणि मार्च २०२४मध्ये त्याचे उद्घाटन झाले. खिंडीच्या पलीकडे, तवांगच्या बाजूला उतरताना नुरानांग नदीच्या खोऱ्यावर एका डोंगरसोंडेवर जसवंतगढ लागतो. तट, बुरूज असे तिथे काही नाही. चौथ्या गढवाल रायफल्सचे रायफलमन जसवंतसिंह रावत यांचे ते स्मारक आहे. नोव्हेंबर १९६२मध्ये चिनी सैन्याशी लढताना ते मारले गेले, तेव्हा त्यांचे वय होते २१ वर्षे. तवांगला जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबतात. महाराष्ट्रातून ईशान्येला जाणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमातही हे ठिकाण असते. जवानांनी चालवलेल्या उपाहारगृहात गरम चहा मिळतो, लोक स्मारकापुढे हात जोडतात आणि तिथे ऐकलेली गोष्ट घरी परतल्यावर दहा जणांना सांगतात. ती गोष्ट मनाला भिडणारी आहे, यात शंका नाही. तरीही माझे म्हणणे असे की, जसवंतसिंहांची नोंदींत सापडणारी कहाणी या दंतकथेपेक्षा मोठी आहे. दंतकथेने ती झाकून टाकल्यामुळे आपण एका जवानाचा देव केला, त्याच्या सोबत्यांना विसरलो, आणि त्याच्या पलटणीवर माघारीची वेळ कोणामुळे आली हा प्रश्न विचारायचाच राहून गेला.

स्मारकापाशी सांगितली जाणारी कथा अशी आहे. पलटणीला माघारीचा हुकूम आला, बाकीचे जवान मागे गेले, जसवंतसिंह मात्र जागा सोडायला तयार झाले नाहीत. सेला आणि नुरा नावाच्या, तवांग भागातल्या मोनपा जमातीच्या दोन मुलींनी त्यांना साथ दिली. वेगवेगळ्या खंदकांत बंदुका लावून ठेवायच्या, एका जागेवरून गोळ्या झाडायच्या आणि धावत दुसरीकडे जायचे, म्हणजे समोर मोठी तुकडी आहे असे शत्रूला वाटेल, अशी युक्ती करून त्यांनी ७२ तास चिनी फौज रोखून धरली आणि तिचे ३०० सैनिक मारले. शेवटी त्यांना शिधा पोचवणारा माणूस चिन्यांच्या हाती लागला आणि वर एकच जवान आहे हे त्याने सांगून टाकले. मग चहूबाजूंनी हल्ला झाला. मुलींचा अंत कसा झाला हे प्रत्येक सांगणारा वेगळे सांगतो. कोणी कड्यावरून उडी म्हणतो, कोणी हातबॉम्ब. चिन्यांनी जसवंतसिंहांचे शिर कापून नेले आणि पुढे पराक्रम कळल्यावर एका चिनी अधिकाऱ्याने पितळी अर्धपुतळ्यासह ते परत पाठवले, असाही कथेचा शेवट आहे. स्मारकात आजही त्यांच्यासाठी अंथरूण घातले जाते, गणवेशाला इस्त्री होते, बुटांना पॉलिश होते, पहाटे चहा ठेवला जातो. मृत्यूनंतरही त्यांना बढत्या मिळत गेल्या असे सांगतात. २०१९मध्ये याच ७२ तासांवर एक हिंदी चित्रपटही आला.

आता नोंदी काय सांगतात ते पाहू. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्धाला तोंड फुटल्यावर चारपाच दिवसांतच तवांग चिन्यांच्या ताब्यात गेले. मग काही आठवडे मोठी लढाई थांबली. या अवधीत भारतीय सैन्याने सेलावर नवी फळी उभारली, आणि तिच्या पुढे नुरानांगच्या बाजूला चौथी गढवाल रायफल्स उभी राहिली. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल बी. एम. भट्टाचार्य. जवानांच्या हातात .३०३ रायफल होती. एक गोळी झाडली की खटका हाताने मागे ओढून पुढची भरायची, अशी ती जुन्या धाटणीची बंदूक. हिवाळी कपडे पुरेसे नव्हते. १७ नोव्हेंबरला सकाळपासून चिन्यांचे हल्ले सुरू झाले आणि पलटणीने ते एकामागून एक परतवले. तेव्हा चिन्यांनी एक मीडियम मशीनगन खंदकांच्या अगदी जवळ आणून लावली. अशी बंदूक इतक्या जवळून सतत मारा करू लागली की खंदकातल्या माणसाला डोके वर काढता येत नाही. त्याला डोके वर काढता आले नाही की समोरचे पायदळ निर्धास्त चालून येते. ती बंदूक बंद पाडली नसती तर पुढच्या हल्ल्यात ती जागा गेली असती.

ते काम तिघांनी मिळून केले. लान्स नाईक त्रिलोकसिंह नेगी यांनी मागून गोळीबार करून शत्रूचे लक्ष गुंतवून ठेवले. त्या आडोशाने जसवंतसिंह आणि रायफलमन गोपालसिंह गुसाईं जमिनीला चिकटून सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब फेकता येईल इतक्या अंतरापर्यंत. हे अंतर म्हणजे जेमतेम तीसेक मीटर. आपण तिथून बॉम्ब टाकू शकतो तर समोरचाही टाकू शकतो. दोघांनी बॉम्ब फेकले, चौकीतले सैनिक पडले, आणि दोघांनी ती मशीनगन उचलून घेतली. परतीच्या वाटेवर त्यांच्यावर जबर मारा झाला. त्रिलोकसिंह मारले गेले. जसवंतसिंह आपल्या खंदकाजवळ पोचता पोचता कोसळले. गोपालसिंह जखमी अवस्थेत ती बंदूक ओढत भारतीय बाजूला घेऊन आले. जसवंतसिंहांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, त्रिलोकसिंहांना मरणोत्तर वीर चक्र आणि गोपालसिंहांनाही वीर चक्र. भट्टाचार्य यांना महावीर चक्र देण्यात आले आणि पलटणीला ‘नुरानांग’ हा युद्धसन्मान मिळाला. ज्या युद्धात सैन्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी माघारच आली, त्यात हा सन्मान केवढा मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. आधी ७२ तासांचे पाहू. नुरानांगची लढाई १७ नोव्हेंबरची. त्याच रात्री सेलावरची ६२वी ब्रिगेड माघार घेऊ लागली, १८ तारखेला खिंड चिन्यांच्या हाती गेली आणि पाठोपाठ तिच्या बरेच मागे असलेले बोमडिलाही पडले. म्हणजे कथेतले तीन दिवस पुरे होण्याआधीच युद्ध नुरानांगला मागे टाकून पुढे निघून गेले होते. अडवायला तिथे कोणी उरले नव्हते. मारल्या गेलेल्या चिन्यांचा ३०० हा आकडा दिवसभराच्या लढाईचा, संपूर्ण पलटणीच्या नावावर भारतीय वर्णनांत आढळतो, आणि तोही लढणाऱ्यांनी बांधलेला अंदाजच आहे. कथेने तो एका माणसाच्या खात्यावर टाकला. मुलींच्या नावांचेही तसेच. सेला खिंड १९६२च्या कितीतरी आधीपासून त्याच नावाने ओळखली जात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी तिबेटला सीमा सेलापर्यंत मागे घेण्याची तयारी दाखवली होती. १९५१मध्ये मेजर बॉब खाथिंग तवांगला भारतीय प्रशासन घेऊन गेले, तेही ही खिंड ओलांडूनच. तेव्हा खिंडीला मुलीचे नाव मिळाले असे म्हणता येत नाही; खिंडीचे नाव कथेतल्या मुलीला मिळाले असावे. या भागात अशा गोष्टी किती लवकर रुजतात याचे उदाहरण तवांगच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या शोंगात्सर सरोवरावर ‘कोयला’ या १९९७च्या चित्रपटातल्या गाण्याचे चित्रीकरण झाले आणि काही वर्षांतच पर्यटक त्याला माधुरी दीक्षित यांच्या नावाने ओळखू लागले. आज गाडीवान मंडळी ‘माधुरी लेक’ असेच म्हणतात.

दंतकथेत काय भर पडली यापेक्षा तिच्यातून काय गळाले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सर्वांत आधी गळाले ते गोपालसिंह गुसाईं. एकट्या वीराच्या कथेत जिवंत परतलेल्या साथीदाराला जागाच नसते. तो परतला असेल तर त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले असणार, आणि नोंदींत उतरलेल्या हकिगतीत मुली नाहीत, तीन दिवस नाहीत, कापलेले शिर नाही. म्हणून कथा त्याला वगळते. त्रिलोकसिंहांचे नाव कुठे कुठे येते, पण त्यांनी दिलेल्या आडोशावाचून बाकीचे दोघे चार पावलेही पुढे सरकू शकले नसते, हे कोणी सांगत नाही. पायदळाची लढाई अशीच असते. पुढे सरपटणाऱ्याचे धैर्य आणि मागे राहून स्वतःवर गोळ्या ओढवून घेणाऱ्याचे धैर्य एकमेकांवाचून लुळे पडते. २१ वर्षांचा एक मुलगा आपल्या सोबत्यावर विसंबून तीस मीटरपर्यंत सरपटत जातो, कारण मागे पलटण आहे आणि ती टिकली पाहिजे. हे धैर्य आपल्यासारख्या माणसाचे आहे. तीन दिवस न झोपता एकट्याने तीनशे माणसे मारणाऱ्याकडे आपण फक्त थक्क होऊन पाहू शकतो.

दुसरी गळालेली गोष्ट अधिक टोचणारी आहे. चौथ्या गढवालने आपली जागा राखली होती. तिला मागे यावे लागले ते वरून आलेल्या हुकमामुळे. तो हुकूम का आला? सेलाची फळी समोरून मजबूत होती, पण चिन्यांची एक तुकडी पोशिंग ला या खिंडीच्या वाटेने डोंगर ओलांडून दिरांग आणि बोमडिला यांच्या मधे उतरली. ब्रिटिश अधिकारी एफ. एम. बेली १९१३मध्ये या मुलखातून हिंडले होते, म्हणून ती वाट बेली ट्रेल या नावाने प्रसिद्ध आहे. मोठी फौज त्या वाटेने येणार नाही असे गृहीत धरले गेले होते. रस्ता मागून तुटल्याचे कळताच दिरांगला असलेले चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल ए. एस. पठानिया यांनी सेला सोडण्याची परवानगी मागितली. कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल त्या दिवशी तेजपूरच्या मुख्यालयात नव्हते. लष्करप्रमुख थापर आणि पूर्व विभागाचे प्रमुख एल. पी. सेन तिथे हजर होते, पण निर्णय कौल परत येईपर्यंत लांबला. आणि कौल आल्यावर निघालेले हुकूम एकमेकांना छेद देणारे होते. महिनोन्‌महिने टिकेल म्हणून उभारलेली फळी एका रात्रीत विस्कटली. सेलाचे ब्रिगेडियर होशियारसिंह काही दिवसांनी माघारीच्या वाटेवर मारले गेले. ‘एकट्या जवानाने हुकूम मोडून खिंड लढवली’ ही कथा ऐकताना पराभवाचे दुःख हलके होते, हे खरे. पण त्यासोबत हुकूम देणाऱ्यांचा हिशेबही डोळ्यांआड होतो.

या हिशेबाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी आहे. त्यांच्या कारकिर्दीत लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांनी पराभवाची चौकशी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन करून प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनापतींची कुवत अशा मुद्द्यांवर निष्कर्षांचा गोषवारा मांडला. सीमेवरचे सैन्य पुन्हा उभे करायचे असताना नावे घेऊन दोष देणे त्यांनी टाळले, आणि त्या क्षणी ते समजण्यासारखे होते. मात्र साठ वर्षे उलटून गेली तरी मूळ अहवाल सरकारने खुला केलेला नाही. २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग प्रसिद्ध केला, तेवढाच लोकांपुढे आहे. जिथे कागद बंद कपाटात असतात, तिथे लोक आपली कथा आपण रचतात. जसवंतगढच्या कथेचा दोष सांगणाऱ्या गाडीवानाला किंवा स्मारकावरच्या जवानाला देता येत नाही तो यामुळेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, जी श्रद्धा सीमेवरच्या जवानाला बळ देते तिला हात कशाला लावायचा? नाथू लाजवळ बाबा हरभजनसिंह या दिवंगत जवानाचे मंदिर आहे, सियाचिनमध्ये अशाच ओपी बाबांना वंदन केल्याशिवाय तुकड्या पुढे जात नाहीत. विरळ हवा, महिनोन्‌महिने बर्फ, घरापासून शेकडो कोस दूर आणि पहारा रात्रीचा. अशा ठिकाणी आपल्या आधी इथे मेलेला जवान अजून जागा आहे, आपल्यावर त्याची नजर आहे, ही भावना खोल गरजेतून येते. तिला अंधश्रद्धा म्हणून झिडकारणे मला उद्धटपणाचे वाटते. अंथरूण घालावे, बुटांना पॉलिश करावे, चहाचा पेला ठेवावा. ती आपल्या माणसाची घेतलेली काळजी आहे आणि तिच्यात खोटे काही नाही. माझा आक्षेप फक्त इतिहास म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तपशिलांना आहे. जवानाची श्रद्धा ७२ या आकड्यावर उभी नाही. उलट आपल्या पलटणीतल्या माणसाने सोबत्यांच्या साथीने काय केले हे नेमके ठाऊक असेल, तर नव्या रंगरुटाला त्यातून घेण्यासारखे अधिक आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. शौर्यपदकांची प्रशस्तिपत्रके तरी कुठे निखळ इतिहास असतात? तीही वाचलेल्यांच्या सांगण्यावरून, पलटणीचा गौरव व्हावा या हेतूने लिहिली जातात. पराभवानंतर तर अशा नोंदींत थोडी झळाळी चढण्याची शक्यता अधिक. म्हणून प्रशस्तिपत्रकातला शब्दन्‌शब्द प्रमाण मानू नये, हे मान्य. पण दोन साधनांत दोष असले तरी दोन्हींची किंमत सारखी होत नाही. प्रशस्तिपत्रक घटनेनंतर लवकर लिहिले गेले, त्यात उल्लेख असलेला एक माणूस तेव्हा हयात होता, आणि त्यातले प्रसंग युद्धाच्या इतर वर्णनांशी, तारखांशी, माघारीच्या क्रमाशी जुळतात. दंतकथा यांपैकी कशाशीच जुळत नाही, आणि सांगणारा बदलला की तिचा शेवटही बदलतो.

मोनपा लोकांच्या बाजूने येणारा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. या कथेतल्या सेला आणि नुरा काढून टाकल्या, तर १९६२च्या राष्ट्रीय आठवणीत मोनपांचे उरते काय? लढले गढवाली, चुकले दिल्लीवाले, आणि ज्यांच्या घरांवरून हे युद्ध गेले ते अदृश्य. पण कथेत त्यांना मिळालेली जागाही बेताचीच आहे. दोन देखण्या मुली वीराला मदत करतात आणि मरतात. खरे मोनपा हमाल होऊन शिधा आणि दारूगोळा पाठीवर वाहत होते, गुरेढोरे मागे टाकून आसामच्या मैदानात निर्वासित होऊन उतरले होते, परतल्यावर त्यांना घरे पुन्हा उभी करावी लागली होती. त्या पिढीतली फार थोडी माणसे आता उरली आहेत. त्यांच्या तोंडून ही हकिगत नोंदवून घेणे आणि ती स्मारकात ऐकवणे, हा सेला आणि नुरापेक्षा मोठा सन्मान ठरेल.

हे सारे करायला स्मारकाची वीटही हलवावी लागत नाही. पितळी अर्धपुतळा राहू दे, अंथरूण राहू दे, कथाही ‘लोक असे सांगतात’ म्हणून राहू दे. शेजारी १७ नोव्हेंबरच्या लढाईचा नकाशा हवा. त्यावर पलटणीची जागा, मशीनगनची जागा आणि तिघांनी घेतलेली वाट दाखवता येईल. दुसऱ्या फलकावर पोशिंग लाची वाट आणि सेला रिकामी होण्याचा क्रम असावा, म्हणजे जिंकत असलेली पलटण मागे का आली हे पाहणाऱ्याला कळेल. सहल नेणाऱ्यांनीही तवांगच्या युद्धस्मारकासाठी वेगळा वेळ काढावा. या आघाडीवर, म्हणजे कामेंग विभागात, मारल्या गेलेल्या २,४२० जवानांची नावे तिथे कोरलेली आहेत, आणि मठ, बाजार उरकून अंधार पडताना घाईने तिथे पोचण्यात अर्थ नाही. जसवंतगढला थांबणाऱ्या गाड्यांचे चालक आणि वाटाडे बहुतेक अरुणाचल-आसामचे तरुण आहेत. पाहुण्याने विचारले तर ते आवडीने माहिती सांगतात, त्यांना ती कोणी द्यायला मात्र हवी. तिघांच्याही शौर्यपदकांचा तपशील सरकारी नोंदीत आहे. तो हिंदीत आणि मोनपांच्या भाषेत छापून स्मारकाच्या दाराशी लावायला एका ऋतूपेक्षा जास्त वेळ लागू नये.